मेणाची पेटी आणि तुमच्या सासूबाईंची परीक्षा

चिरंजीव जावईबापूंना भरभरून आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघंही खुशाल आहोत (माझे गुडघे सोडून, ते हल्ली वेगळे नांदतात). तुमची, लेकीची आणि तिच्या पोटातल्या पाहुण्याची तब्येत छान असेलच. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मागच्या सीटखाली तुम्ही जी पेटी बसवून गेलात, तिचा अनुभव कळवा म्हणाला होतात. जावयाच्या वस्तूला नावं ठेवू नयेत, म्हणून आधी गुण सांगतो.

विजेवरची गाडी घेतल्यापासून हिवाळ्यात मी पक्का चिक्कू झालो होतो. हीटर लावला की बॅटरी बघता बघता उतरायची, त्यामुळे मी त्या बटणाला कुणाला बोटसुद्धा लावू देत नव्हतो. शिकणारी मंडळी कानटोपी नि हातमोजे घालून यायची आणि काच पुसण्याच्या नादात वळण चुकवायची. तुमच्या पेटीतलं मेण गाडी चार्जिंगला लावली की वितळतं आणि मग रस्त्यावर थिजता थिजता साठवलेली ऊब सोडत राहतं, बॅटरीवर भार न टाकता, हे तुम्ही समजावलंत तेव्हा मी मान हलवली होती. समजलं मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी, पाय शेकले तेव्हा.

आता मुख्य हकिकत. लेकीचं बाळंतपण जवळ आलं तसं तुमच्या सासूबाईंनी जाहीर केलं, की तिच्याकडे जायला आपण कुणाच्या सवडीची वाट बघणार नाही. (कुणाच्या म्हणजे माझ्या.) अर्ध्या गावाला गाडी शिकवणारा मी, पण घरचीच विद्यार्थिनी दोनदा नापास झाली. हात चांगला आहे हो त्यांचा. पण परीक्षा घेणाऱ्या साहेबांना आमच्या धंद्यात सगळे ‘गारठा’ म्हणतात. ते शेजारी बसून नुसते खाकरले तरी शिकाऊ माणसाचा पाय ब्रेकवर आदळतो, मग साहेबांचं डोकं पुढे आदळतं आणि निकाल तिथेच लागतो.

गेल्या मंगळवारी तिसरी खेप होती. बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. गारठा शेजारी बसले, मी नियमाप्रमाणे मागे (परीक्षेत शिक्षकाने तोंड उघडायचं नसतं), आणि गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच तुमच्या पेटीची झडप सताड उघडी अडकली. सगळी ऊब एकदम आत यायला लागली. चौकापर्यंत साहेबांचा मफलर उतरला, पुलापर्यंत कोट, दवाखान्यापाशी स्वेटर. मी तर थेट पेटीवरच बसलो होतो. तव्यावरची वस्तू तरी कुणी अधूनमधून उलटतं. माझ्याकडे बघायला कुणी नव्हतं.

मला वाटलं, आता साहेब भडकणार. ते पाय लांब करून हळूच म्हणाले, “कितीतरी हिवाळ्यांनी माझे पाय मला सापडले.” आणि झोपले. घोरायलासुद्धा लागले.

तुमच्या सासूबाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. उठवावं, तर गारठा जागा होणार. न उठवावं, तर परीक्षा कोण घेणार? त्यांनी उठवलं नाही. मांडीवर तान्हं मूल निजलेलं असताना बाई जशी बेताने हालचाल करते, तशी त्यांनी गाडी चालवली. ब्रेक कधी लागला आणि कधी सुटला, मला मागे कळलं नाही. नेहमीचा सगळा मार्ग पूर्ण करून कचेरीच्या आवारात दोन गाड्यांमधल्या चिंचोळ्या जागेत त्यांनी गाडी अशी लावली, की मी माझी पाठ थोपटून घ्यावी. पण ती घामाने सीटला चिकटली होती.

साहेब जागे झाले. “निघायचं ना?” म्हणाले.

“आलोसुद्धा परत,” सासूबाई म्हणाल्या.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग स्वेटर शोधत म्हणाले, “मला घरी पलंगावर झोप येत नाही. ज्या गाडीत आली, ती चालवणाऱ्या बाईंना नापास कसं करू?” आणि सही केली.

येताना गाडी सासूबाईंनीच चालवली. दारात पोचल्यावरही स्टिअरिंगवरचे हात त्यांना काढवेनात. मीही घाई केली नाही. एकंदर पेटी उत्तम आहे. झडपेचं तेवढं बघा.

तुमचा (थोडासा भाजलेला) सासरा

ता. क. झडपेची घाई नाही. गारठासाहेब दोनदा येऊन ‘ती गरम गाडी’ कुठे मिळते, विचारून गेले.

आणखी ता. क. रविवारी सासूबाई गाडी घेऊन तुमच्याकडे निघताहेत, महिनाभरासाठी. मला चला म्हणालेल्या नाहीत आणि विचारायचा मला धीर नाही. तुमच्याकडून ‘मामांना आणाच’ अशी एक आग्रहाची ओळ आली तर बरं होईल. मी सुचवलं हे कळू देऊ नका.

ह्यांनी पत्र टपालात टाकायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. आग्रहाची ओळ पाठवूच नका. ह्यांची बॅग मी कधीच भरून ठेवली आहे; जरा तळमळू देत. — सासूबाई