पस्तीस मिनिटं

मंगळवार, संध्याकाळ. उरण.

आज नाक्यावर मीच तोंड उघडलं. आमची सुजाता आता अरुणाचलात विमान चालवते, डोंगरातल्या दोन लहान विमानतळांमध्ये, असं सांगून बसलो. शेजारचे म्हात्रे म्हणाले, "किती वेळ लागतो?" म्हटलं, पस्तीस मिनिटं.

"यवढंच? मग त्यापेक्षा पनवेल लांब हाय!"

सगळे हसले. मीपण हसलो. का हसलो?

घरी येऊन लेकीला फोन लावला. "जय भीम, बाबा." मी थेट विचारलं, तेच अंतर रस्त्यानं किती?

"तुमच्या ट्रेलरला? दोन दिवस. दरड पडली तर काही सांगता येत नाही."

दोन दिवस! तीस वर्षं न्हावा शेव्याहून कंटेनर ओढले मी. घाटातले दोन दिवस म्हणजे काय, ते माझ्या कंबरेला विचारा. आणि पोरगी पस्तीस मिनिटांत पलीकडे! उद्या म्हात्र्यांना हेच ऐकवायचं ठरवलं.

मग सवयीनं विचारून गेलो, निघण्याआधी टायर बघतेस ना? आणि जीभ चावली. तिथं शिकलेली माणसं असतील तपासायला. हा ड्रायव्हर बाप तिला काय शिकवणार?

ती म्हणाली, "तपासणारे असतात, बाबा. तरी मी स्वतः एक फेरी मारतेच. तुम्ही टायर रॉडनं ठोकून बघायचात, मी हात लावून बघते."

फोन ठेवला आणि ही वही काढली.

म्हात्र्यांना पस्तीस मिनिटांचा हिशेब नाही सांगणार आता. टायरचं सांगणार.