परशुरामदादाचा टीव्ही गेम

बुधवार, ५ जानेवारी १९९४

भूमिपुत्रांनो, आपल्या जमिनी गेल्या. आधी एमआयडीसीने घेतल्या, उरल्यासुरल्या बिल्डरांनी. आपल्याच खाचरांवर कारखाने उभे राहिले आणि आपल्याला मिळाली वॉचमनची टोपी. मग आपल्यातल्या एकाने स्वतःचा कारखाना काढला, तर आपण त्याला काय म्हणालो? येडा!

— भाषणाची सुरुवात अशीच. ‘येडा’वर थांबायचं. पाण्याचा घोट घ्यायचा.

पण बोलायला देतील तेव्हा. सहा फेब्रुवारीला समाजाचा मेळावा आहे. सत्कार कुणाकुणाचे ते अजून ठरायचंय. माझ्या भावाचं, परशुरामदादाचं नाव त्यात गेलंच पाहिजे. दिवाळीत त्याची उजवी बाजू गेली. पाय परत आला, हात नाही. डॉक्टर म्हणतात, येईल, पण त्याने हलवला तर. तो हलवत नाही. दाबायला स्पंजचा गोळा दिला होता, तो खिडकीबाहेर फेकला. ‘आणखी उशीर झाला तर हात असाच राहील’ — हे डॉक्टरांनी मला सांगितलं, त्याला नाही.

कारखाना बंद झाला तेव्हाच त्याच्यातलं काहीतरी बसलं. लोकांनी एकदा तरी त्याला चांगलं म्हटलं, तर तो उठेल. माझी खात्री आहे.

रविवार, ९ जानेवारी

शीळफाट्याला काळुरामशेठच्या ऑफिसात गेले. मेळावा भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचे, गणितं माझ्या वहीतून उतरवायचे.

‘सरस्वतीताय, परशुराम आपला मानूस. पन सत्कार कशाचा करू? टीवीवर ठिपका हालवला त्याचा?’

मी सांगितलं — ब्याऐंशी साली आपल्याकडे टीव्ही म्हणजे मुकाट बघायची वस्तू होती. दादाच्या मनू इलेक्ट्रॉनिक्सने माणसाच्या हातात एक मूठ दिली. मूठ फिरवली की पडद्यावरची फळी हलायची. चित्राने माणसाचं ऐकलं! आमच्या सागावच्या मुली तारा जोडायला शिकल्या, पगार घरी नेऊ लागल्या. याला काहीच किंमत नाही?

‘आनि सात वर्सांत कुलूप.’

‘तैवानचा स्वस्त माल आला म्हणून.’

‘खाचर इकून खेलना काढला, ताय. त्या खाचरावर आज काय उभा राह्यला असता, मी सांगू?’

त्यांचा हिशेबनीस भगवान बाजूला बसला होता. तो म्हणाला, ‘शेठ, शालीऐवजी दोन सेल द्या त्यांना. निदान चालू तरी होतील.’

हसले दोघं. मी उठून आले. रिक्षात सगळी उत्तरं सुचली.

सोमवार, १० जानेवारी

वर्गात उगाच पोरांवर ओरडले.

रविवार, १६ जानेवारी

सागावला दादाकडे गेले. जीभ शाबूत आहे त्याची, तेवढंच नशीब. भाषणासाठी माहिती हवी म्हटलं.

‘देशात पहिला तूच ना?’

‘नाय. आदी दोघंतिघं होते. आतली चिप पन बाहेरचीच.’

‘मग तुझं त्यात काय?’

तो खिडकीकडे बघत म्हणाला,

‘चेंडू हलू केला.’

आईचे डोळे अधू झाले होते तेव्हाची गोष्ट. तिला चेंडू दिसेपर्यंत तो फळीपलीकडे निघून जायचा. म्हणून दादाने पेटीला एक बटण बसवलं — हळू, मध्यम, जोरात. ‘तसला बटन तवा कोनाकडं नव्हता,’ म्हणाला. एवढंच.

कंपनीला आईचं नाव दिलेलं माहीत होतं. पण आमची आई, मनुबाई, लुगड्याचा पदर खोचून टीव्ही गेम खेळायची, हे मला आज कळलं! मी कुठे होते तेव्हा? मोर्चात असेन, नाहीतर कुठल्या तरी सभेत.

हे भाषणात चालणार नाही. म्हातारीसाठी बटण! भगवान पहिला हसेल. काहीतरी मोठं हवं.

रविवार, २३ जानेवारी

कल्याणच्या वाचनालयात दिवस घालवला. जिल्ह्यातल्या उद्योगांवर दोन जाडजूड ग्रंथ. रंग आहेत, रेयॉन आहे, काड्यापेट्या आहेत, कंगवेसुद्धा आहेत. मनू इलेक्ट्रॉनिक्स नाही. ग्रंथपाल म्हणाले, ‘टीव्ही गेम हा उद्योग कुठला बाई, तो तर नाद.’ त्यांना मी चांगलं ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, ‘पण मी लिहिलेला नाही ना हा ग्रंथ.’

खरं आहे. ज्याने लिहिला तो वारला. भांडायचं तरी कुणाशी?

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

शाळेत काळुरामशेठचा फोन. ‘नाव घातलाय. शेवटून दुसरा. धा मिनटां बोल, जास्त नको, जेवन थंड होता.’

टीचर्स रूममध्ये सगळ्यांसमोर डोळे भरून आले. दादाला सांगितलं. ‘बरा’ म्हणाला. शेवंतीवहिनीने त्याची सफारी इस्त्रीला टाकली. हात हलवलास का, असं विचारलं नाही. मेळाव्यानंतर विचारीन.

सोमवार, ७ फेब्रुवारी

काल मेळावा झाला. बोलले मी. दहाची पंचवीस मिनिटं झाली, कुणी अडवलं नाही.

‘येडा’वर थांबले तेव्हा मंडपात कुणी खोकलंसुद्धा नाही. मग मी म्हणाले, देशातला पहिला! म्हणाले, परदेशी कंपन्या ज्याला भ्यायच्या तो हा माझा भाऊ! बायका डोळे पुसत होत्या. टाळ्या थांबेनात. काळुरामशेठ उभे राहिले, त्यांच्यामागे सगळे.

दादाला शाल घातली. उजव्या खांद्यावरून ती घसरत घसरत खाली आली. त्याने हात उचलला नाही. काळुरामशेठनी पुन्हा घातली. पुन्हा घसरली.

नंतर सगळे माझ्याभोवती. ‘काय बोललीस गो ताय!’ ‘आमच्या हलदीला पन बोलायला ये.’ गर्दीतून वाट काढून बघते तर दादा हात धुवायच्या पिंपाजवळ खुर्चीवर बसलेला, शाल मांडीवर घडी करून. शेजारी फक्त वहिनी.

गुरुवार, १० फेब्रुवारी

डॉक्टरांनी बोटं एकेक करून बघितली. ‘काहीच करत नाहीयेत ते. वेळ चाललाय, बाई.’

मला बोलता येतं. दुसरं काही येत नाही. ते तर करून झालं.

शनिवार, १२ फेब्रुवारी

वहिनी ओट्यावर सुका जवळा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘भाषान बरा झाला तुजा.’

‘पण?’

‘ती मशीन तू कंदी खेललंस?’

अख्ख्या तालुक्याला त्या मशीनचं महत्त्व सांगून आले आणि एकदाही मूठ हातात धरलेली नाही.

‘मी रोज खेलायची. भांडी झाली का बसायचो दोगं. हरवायची मी त्याला. आता लावली तं बंद करतो. बोलतो, शेवंते, तू मना जिकू देशील.’

‘देशील?’

‘मग! नवरा हाय माजा.’ तिने जवळ्यातला खडा काढून अंगणात भिरकावला. ‘तू कोनाला जिकू देत नाय. लग्नात उखानासुदा मना पुरा करू दिला नाय तू. मंडलाचा अध्यक्ष तुला घाबरतो. तू बस त्याच्यासमोर.’

एवढं सोपं? मी महिनाभर काय करत होते मग?

रविवार, १३ फेब्रुवारी

वहिनीने मशीन लावली आणि बाहेर निघून गेली. दादाने बंद केली नाही. डाव्या हाताने उजवा हात उचलून मुठीवर ठेवला. बोटं थरथरत होती, पण मूठ फिरली. थोडीशीच. फळी हलली, चेंडू लागला, माझ्याकडे आला. हळू येत होता. मला सहज घेता आला असता.

सोडला मी. त्याचा तो हात बघवेना.

त्याने माझ्याकडे बघितलं. डाव्या हाताने टीव्ही बंद केला. ‘सभेत पन तू हाच केलंस, मना पयला केलंस,’ म्हणाला.

सरस्वती, उद्या शाळा सुटली की सरळ सागावला जा. तोंड बंद ठेव, त्याच्यासमोर बस, आणि एकही चेंडू सोडू नकोस.