पहिला तांब्या

प्रिय आई,

आणि हे वाचून दाखवणाऱ्या जागृतीलापण आधीच सांगतो, एक अक्षर गाळायचं नाही आणि मनाचं एक घालायचं नाही. आठवीत शाळा सोडल्यापासून एवढं लांबलचक आज पहिल्यांदा लिहितोय, तेव्हा अडखळलीस तर हसू नकोस जागू, परत मागून वाच. आई, तू हातातलं काम खाली ठेव आणि नीट बस. घाबरायचं नाही, बातमी चांगली आहे.

फोनवर का नाही सांगितलं म्हणशील. फोनवर आपलं काय होतं? तू विचारतेस जेवलास का, मी म्हणतो हो. काय जेवलास, भात. मग तू जरा थांबतेस आणि विचारतेस, तांब्या आहे ना? मी म्हणतो आहे. चौदा महिने हेच चाललंय. गणपती गेले, दिवाळी गेली, जागूची दहावी झाली, आणि मी दर वेळेला कारण काढलं, गाडी लांब आहे, अण्णा सोडत नाही. अण्णा बिचारा कधीच नाही म्हणाला नाही. मीच येत नव्हतो. दिवा स्टेशनजवळच्या आपल्या खोलीत पाऊल टाकायला मला तोंड नव्हतं. का नव्हतं ते शेवटी लिहितो, आत्ता हात वळत नाहीये. आधी परवाची गोष्ट ऐक.

अण्णा म्हणजे आमच्या बोअरच्या गाडीचा मुख्य माणूस, तमिळनाडूचा. शीळफाट्याला एका बिल्डिंगच्या साइटवर बोअर मारायला आलेला तेव्हा मी तिथे सिमेंटच्या गोणी उचलत होतो. त्याच्याआधी टेम्पो सोडलेला, त्याच्याआधी गॅरेज. तू म्हणायचीसच, याचं नाव सुशांत ठेवलं तिथेच चुकलं. तर अण्णाची गाडी निघाली आणि दोन दिवसांत मी तिच्यावर चढून निघून गेलो. तेव्हापासून कर्नाटक, आंध्र, परत कर्नाटक. आता जतच्या पुढे, हद्दीवरच्या एका वाडीत आहे. इथल्या बाया पाण्यासाठी दीड कोस चालतात. गेल्या आठवड्यात वाडीत तीन बोअर मारले, तिन्ही कोरडे. पाणाड्याने नारळ हातावर धरून जागा दाखवलेल्या, दर वेळी नारळ उभा राहायचा आणि आमची धूळ उडायची. चौथा शेवटचा. चारशे फुटांपर्यंतच बोललेलं, त्याच्या पुढे गाडी उचलायची आणि दुसऱ्या गावाला जायचं. वाडीला परत गाडी कधी मिळाली असती देव जाणे.

आता तांब्याचं खरं सांगतो. पहिल्या मुक्कामाला बॅग उघडली तेव्हा चादरीत गुंडाळलेला तो निघाला, आपल्या देवाच्या फळीवरचा. मला वाटलं चुकून आला. तू आणि चुकून! मग कळलं मुद्दाम घातलायस, आणि माझी अशी सटकली की मी त्याच्यात ग्रीस भरून ठेवलं. गाडीच्या पेटीत, पान्यांच्या शेजारी. तू विचारायचीस तांब्या आहे ना, आणि मी म्हणायचो आहे. खोटं नव्हतं. पण खरंपण नव्हतं.

तुला आठवतं ना मी त्या तांब्यावरून किती भांडायचो? आपल्याकडे तीन दिवसांनी पाणी येणार, तेपण पाऊण तास, त्यात अर्धा वेळ नुसती हवा. नाहीतर टँकरमागे धावायचं. आणि हंडा अर्धाच भरला तरी तुझं ठरलेलं, पहिला तांब्या देवाचा. मग पुढचं पाणी येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. नवीन आलं की जुनं तुळशीला. मी ओरडायचो, तुझ्या देवाला तहान लागते काय? तू म्हणायचीस, त्याला कुठे लागते रे, आपल्यालाच लागते, म्हणून तर ठेवायचा. मला ते काही समजायचं नाही. मला वाटायचं आई येडी आहे.

परवा दुपारी साडेतीनशे फूट झालेले. पांढरी धूळ, आम्ही सगळे पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखे. तेवढ्यात गंगुबाई आली. वाडीतली म्हातारी, सत्तरीची असेल, कमरेत वाकलेली. डोक्यावर तांब्याचा हंडा, चिंच लावून लखलखीत केलेला, वर हळदीकुंकू. आली ती थेट बोअरच्या तोंडासमोर हंडा ठेवून खाली बसली. मी म्हटलं, आजी, बाजूला व्हा, अजून धूळच येतेय. तर म्हणते कशी, "मग पाणी लागल्यावर येऊन रांगेत शेवटाला हुबी राहू व्हय? तुझं काम खाली हाय, तू कर. माझं काम वर हाय, मी करते." मी म्हटलं, आणि नाहीच लागलं तर? तशी हसली. एकच दात आहे तिला. म्हणाली, "देणाऱ्याला आपली काळजी हाय बाबा. निदान भांडं तरी आधी मांडाय नको?" तिचं बघून बाकीच्या बायापण आल्या. कळश्या, हंडे, बादल्या, एकीने तर प्रेशर कुकर आणला. धुळीत चाळीस-पन्नास भांड्यांची रांग लागली, सगळी रिकामी.

आई, मी त्या रांगेकडे बघितलं, मग पुढे बसलेल्या गंगुबाईकडे. ही तर तूच बसलेली. पुरेल की नाही कळायच्या आधीच देवाचं बाजूला काढणारी. मी गाडीकडे गेलो, पेटी उघडली, तांब्यातलं ग्रीस खरवडून काढलं, डिझेलने धुतला. तरी वास जाईना. गंगुबाई लांबून बघत होती. उठली, माझ्या हातातून ओढून घेतला, राख आणि चिंच लावून असा घासला की बाराव्या मिनिटाला तो आपल्या घरचा तांब्या झाला. घासताना बडबडत होती, "देवाच्या भांड्यात ग्रीस, रेड्या!" मी ऐकून घेतलं. मग आमच्या पिण्याच्या कॅनमधलं पाणी त्याच्यात भरलं. कॅनमध्ये तेवढंच उरलेलं. अण्णाच्या गाडीत मुरुगनचा फोटो आहे, म्हणजे गणपतीचा भाऊच, आपल्याच घरातला, त्याच्यापुढे ठेवला. गाडीवरची सगळी पोरं खिदळली. अण्णा म्हणाला, "क्या रे, भगवान को भी ड्यूटी पे लगाया?"

मी काही मागितलं नाही, आई. शप्पथ. मला मागता आलंच नाही, तोंडच नव्हतं ना. मी फक्त म्हणालो, "बाप्पा, थँक्यू. कशाबद्दल ते तुला माहीत."

चारशे फूट झाले. धूळ. गावातल्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं, एकाने अण्णाला हात जोडून सांगितलं, राहू द्या आता. अण्णाने मशीन थांबवलं. तेव्हा कुठे कुणाचं तरी बाळ रडतंय ते ऐकू आलं. पण एकाही बाईने भांडं उचललं नाही. मी अण्णाच्या पुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, अण्णा, दोन रॉड. म्हणाला, नाही. मी म्हटलं, दोनच. त्याने माझ्याकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं, त्या कुकरवालीकडे बघितलं. बोट वर केलं, एक. एक रॉड म्हणजे वीस फूट. तो पूर्ण आत गेला आणि धूळच आली. मग मी कुणालाच न विचारता दुसरा उचलून लावला. अण्णाने फक्त बिडी फेकून दिली.

तो अर्धा आत गेला आणि आवाज बदलला. तुला कसा सांगू? कोरड्या फरशीवर हातोडी मारताना मधेच ती चिखलात पडावी तसा. धूळ बसली. राखाडी चिखल उडाला, माझ्या तोंडावर, थंडगार. अण्णा ओरडला, मागे व्हा! आणि जमिनीतून असा फवारा उठला आई, गाडीच्या मनोऱ्याएवढा, आधी काळा, मग मातकट, मग उन्हात नुसता चमकणारा. चारशे तीस फूट! बाया किंचाळल्या, कुणीतरी हलगी आणली, अण्णा लुंगी वर खोचून नाचला, त्या एवढ्या मोठ्या अंगाने. पोरं पाण्यात लोळत होती, आया त्यांना पाणी नासवता म्हणून धपाटे घालत होत्या आणि स्वतःपण भिजत होत्या. पाणी स्वच्छ झालं तशी मी गंगुबाईचा हंडा पुढे सरकवला. तिने हंडा मागे ओढला. म्हणाली, "पयला त्याचा." आणि तांब्याकडे बोट दाखवलं. मग आधीचं पाणी मी तिच्या दारातल्या तुळशीला घातलं आणि नवीन भरून फोटोपुढे ठेवला. चौदा महिन्यांत चाळीसेक बोअरना तरी पाणी लागलेलं मी बघितलंय. पण ते कुणीतरी दिलंय असं पहिल्यांदा वाटलं.

आता ते शेवटचं. गेल्या वर्षी देवाचा तांब्या मांजराने सांडला असं मी तुम्हाला सांगितलेलं. मांजराने नाही सांडला. चार दिवस पाणी नव्हतं, मी साइटवरून सिमेंटने माखून आलो, घरात कुणी नव्हतं, तांब्या भरलेला दिसला आणि मी त्या पाण्याने पाय धुतले. तोंड नाही, पाय. मुद्दाम. वर फळीकडे बघून म्हणालोपण, बघू काय करतोस. त्याने काहीच केलं नाही. परवाचं थँक्यू त्याचंच. तू आलीस, ओली लादी बघितलीस, माझे पाय बघितलेस, मी मांजर म्हणालो. तू म्हणालीस, सांडलं तर सांडलं, आपण त्याची काळजी करायची की त्याने आपली? जागू मात्र त्या मांजराला झाडू घेऊन आख्ख्या चाळीतून पळवत होती. तुला तेव्हाच कळलेलं ना आई? म्हणूनच तांब्या माझ्या बॅगेत घातलास ना? मला वाटायचं, शिक्षा दिलीस. सोबत दिलेलीस, हे कळायला मला चारशे तीस फूट खाली जावं लागलं. हे दारात उभं राहून मला बोलता येणार नाही, आणि बोलल्याशिवाय आत येता येणार नाही, म्हणून पत्र पुढे पाठवतोय. मी रविवारी पोचतो. सोमवारी संकष्टी आहे, टिटवाळ्याच्या गणपतीला या वेळी तू एकटी जायचं नाही. जागू सांगत होती, फळीवर तू हल्ली पेल्यात पाणी ठेवतेस आणि तांब्याच्या जागेचा गोल डाग तसाच मोकळा सोडतेस. तो मोकळाच ठेव. तांब्या येतोय, त्याच पाण्याने भरून, तोंडाला कापड बांधून, सगळ्या प्रवासात मांडीवर घेऊन. आणि जागू, ते मांजर अजून चाळीत असेल तर त्याला वाटीभर दूध दे, माझ्या नावाने.

पाय बाहेर धुऊनच आत येणारा,
तुझाच
सुशांत