आठ कामांची उघडी यादी

४ मार्च, मंगळवार

एन्नो चालला!

समुद्राचे बांध राखणाऱ्या बांध-मंडळाने त्याला पंपांवर नोकरी देऊ केली आहे, एक जुलैपासून. चहाचा दुसरा कप ओतता ओतता सांगितलं त्याने, उद्या वारा पडेल असं सांगावं तसं. "दुकान उन्हाळ्यात बंद होतंय, गेझिने. पोटापाण्याचं बघायला हवं ना?"

"आणि ट्युपफेल?"

त्याने चहातल्या खडीसाखरेवर साय सोडली आणि ती पसरताना बघत बसला. "बघू."

बघू! अकरा वर्षं हा माणूस दिवसभर त्या दुकानात लोकांचे संगणक दुरुस्त करतो आणि उरल्या वेळात हा प्रोग्राम सांभाळतो. एका बाजूने छापील स्वरलिपी घाला, दुसऱ्या बाजूने ब्रेल बाहेर. फुकट. कोड कुणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. देशभरातले आंधळे गायक-वादक या ट्युपफेलवर उभे आहेत आणि ट्युपफेल उभा आहे एकट्या एन्नोवर. आणि एन्नो आता शेतातलं पाणी उपसणार!

५ मार्च

सकाळी आठला त्याच्या दारात. म्हटलं, बर्लिनला सरकारी निधी आहे. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला सहा महिन्यांचा पगार देतात. अर्जाची मुदत पंधरा तारीख. हो म्हटल्याशिवाय मी पायरीवरून हलणार नाही.

"मोइन," तो म्हणाला, आमच्याकडचा नमस्कार. "आधी आत तरी ये."

नाही म्हणाला नाही. म्हणजे हो!

९ मार्च

हा अर्ज कुणी बनवला? 'तुमच्या प्रकल्पाने समाजाचा कोणता प्रश्न सुटेल? कमाल सातशे अक्षरे.' सातशे! एम्डेनच्या गोदीत तीस वर्षं मी कामगारांसमोर बोलले, सातशे अक्षरांत माझं 'साथींनो' सुद्धा संपत नसे.

मी लिहिलं. छापखान्याने ज्ञान कुणाकुणाच्या हातात दिलं, आणि ज्यांचे डोळे नाहीत ते दाराबाहेर कसे राहिले. वाचनालयांसाठी गरिबांनी कसे लढे दिले. सर्वांच्या करातून झालेली वस्तू सर्वांची का असली पाहिजे. चार पानं झाली. एन्नोने वाचली, कान खाजवला.

"छान आहे. यातलं 'आंधळ्या गायकांना स्वरलिपी मिळत नाही' एवढं ठेवतो."

"आणि छापखाना?"

"छापखाना आधीच झालाय, गेझिने. त्याला निधी लागत नाही."

दुष्ट! पण सहाशे नव्वद अक्षरांत त्याने बसवलं, आणि माझ्या चार पानांपेक्षा ते बरं होतं. हे फक्त इथे कबूल करते.

१५ मार्च

अर्ज गेला. सहा महिन्यांत करायची आठ कामं: दोन हातांचं पियानो-संगीत, गाण्याचे शब्द स्वरांखाली नीट बसणं, जुन्या छपाईतून वाचणं वगैरे. आमची रीत अशी की काही लपवायचं नाही. म्हणून ती आठही कामं आजच ट्युपफेलच्या पानावर टाकली, सगळ्या जगाला दिसतील अशी. एकेका कामाखाली एन्नोने लिहिलं आहे: काय हवं, कसं करता येईल, कुठे अडेल.

त्याला विचारलं, एवढं तपशिलात कशाला, करणारा तर तूच.

"सवय," म्हणाला.

२२ मार्च

तालीम. आमच्या गायनवृंदात फ्रेरिक माझ्या मागे उभा राहतो, जन्मापासून आंधळा, आवाज असा की बाकं थरथरतात. ईस्टरचा अवघड भाग त्याच्या बोटांखाली होता, एन्नोने काल धाडलेला. बाकी आम्ही सगळे चुकलो. तो नाही.

"डोळसांचं काही खरं नाही," तो म्हणाला. "कागद दिसतो, पण वाचत कोण?"

हे जपायचं आहे. एवढंच. बाकी सगळी भाषणं खोटी.

३ एप्रिल

ओल्डेनबुर्गला सभा. तीनशे माणसं! बोलायचं होतं 'सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक कोड' यावर. शेवटी राहवलं नाही. म्हटलं, "टाळ्या नकोत! आमची आठ कामं उघड्यावर पडली आहेत. दार सताड उघडं आहे. या आणि हात लावा! एका माणसाच्या पाठीवर किती दिवस चढून बसणार?"

उभे राहिले सगळे. घसा बसला आहे. आनंदात आहे.

११ एप्रिल

आली! पहिली!

फ्लेन्सबुर्गची स्वान्त्ये इवेर्सेन. पियानोचे सूर लावणं हा तिचा धंदा, स्वतः आंधळी, कोड लिहायला एकटीने शिकलेली. पियानोचं काम तिने उचललं आणि सात दिवसांत पुरं करून पाठवलं. सोबत दोन ओळी: 'सभेत होते. तुम्ही फार लांब बोलता. पण दार उघडं होतं म्हणून आले.'

एन्नोने तिचा कोड वाचला आणि खुर्चीत मागे रेलला. "माझ्यापेक्षा चांगला आहे," म्हणाला. असा हसला की मी त्याच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

माणसं वाईट नसतात! त्यांना कुणी हाक मारत नाही, एवढंच.

२६ एप्रिल

पाच कामं झाली. कासेलचा एक निवृत्त गणिताचा मास्तर, पोर्तुगालची एक ऑर्गनवादक. कोण कुठले! मी प्रत्येकाला हाताने पत्र लिहिते, पोस्टाने. एन्नो म्हणतो वेडी आहेस. असेन. उपकार मानायला पाकीट हवं, त्यावर जीभ लावायला हवी.

१० मे

आज वसंतातली बांध-पाहणी. सालाबादप्रमाणे सगळे बांधावर. मंडळाचे लोक पुढे, आम्ही मागे, कुठे उंदरांनी बीळ केलं, कुठे मेंढ्यांनी गवत उकरलं, बघत आठ किलोमीटर. शेवटी कोबीची भाजी आणि सॉसेज. एन्नो मंडळाच्या माणसाशी पंपांच्या झडपांबद्दल बराच वेळ बोलत होता. मला ते आवडलं नाही. ओढून आणला.

"पंपांत काय आहे एवढं?"

"पाणी चढतं, पंप चालतो, पाणी उतरतं," तो म्हणाला. "आणि मग कुणी तक्रारीचं पत्र पाठवत नाही."

१७ मे

सात कामं! आठवं स्वान्त्येने अर्धं केलंय. फ्रेरिकला सांगितलं. तो म्हणाला, "मग बर्लिनवाल्यांना पगार कशाचा मागताय? चहाचा?"

खूप हसलो.

२० मे

हसायला नको होतं.

निधीच्या लिंडेक्विस्टबाईंचा फोन. आवाज मऊ, नियम दगडी. "तामेनबाई, अभिनंदन करावं की काय म्हणावं, कळत नाही. पहिल्या फेरीत तुम्ही निवडल्या गेलात. पण तुमचं पान पाहिलं. कामं झालेली दिसतायत."

"हो! लोक धावून आले!"

"मंजुरीआधी सुरू झालेल्या कामाला आम्हाला पैसे देता येत नाहीत. आणि झालेल्या कामाला तर नाहीच."

मीच बोलावलं होतं सगळ्यांना. सभेत, ओरडून. साऱ्या देशात अशी चूक आमच्यासारख्यांकडूनच व्हायची: अर्ज करायचा आणि तिजोरी उघडायच्या आत सगळं काम वाटून टाकायचं!

एक जुलैला एन्नो जाणार. माझ्यामुळे.

२१ मे

एन्नोला सांगितलं. तो हसला! डोळ्यांत पाणी येईपर्यंत!

"तुला समजतंय का, मूर्खा? पैसे गेले!"

"समजतंय. पण गेझिने, सात कामं झाली. सात! मला दोन वर्षं लागली असती."

चिडून निघून आले. सायकलीची घंटा वाजवत, रस्त्यात कुणी नसताना.

२२ मे

लाज वाटण्यासारखं केलं. स्वान्त्येला फोन करून विचारलं, झालेलं काम थोडे महिने मागे घेता येईल का, पानावरून काढता येईल का, निधी मिळेपर्यंत.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग: "तुम्ही मला हाताने पत्र लिहिलं होतंत. शेजारणीने वाचून दाखवलं. आता ते आभारही परत घ्यायचे आहेत का?"

माफी मागितली. तिने दिली. मग म्हणाली, "बाई, तुम्ही कामं मोजताय. पण येणारी पत्रं कोण बघतं? कुठे काही मोडलं तर रविवारी कोण उठतं? ते तर यादीत नाहीच."

नाहीच! अकरा वर्षं एन्नो जे करतोय त्याचं नावच आम्ही लिहिलं नव्हतं. नवं काय बांधणार एवढंच लिहिलं. कारण अर्जाने तेवढंच विचारलं होतं.

२३ मे

लिंडेक्विस्टबाईंना लिहिलं. सातशे अक्षरं, एक जास्त नाही. आठ कामांचा अर्ज मागे घेतो. त्याऐवजी एकच काम: सांभाळणं. ते आज सुरू झालेलं नाही आणि संपणारही नाही. पुढचे सहा महिने कुणीतरी ते नेमाने करणार आहे, तेवढ्यासाठी द्या.

४ जून

उत्तर: 'असा अर्ज आमच्याकडे पूर्वी आलेला नाही. समितीपुढे दहा मिनिटं देऊ शकतो.' देव त्यांचं भलं करो. निधी देणारे असोत वा नसोत, दहा मिनिटं देणारी माणसं अजून आहेत.

१२ जून

बर्लिन. पाच जणांची समिती, टेबलावर खनिज पाणी आणि कोरडी बिस्किटं. एन्नोने इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाह्या त्याला आखूड होत्या.

मी बोलले. बांधाबद्दल. म्हटलं, आम्ही समुद्राच्या पातळीखाली राहतो. आमच्याकडे बांध बांधणाऱ्याचा पुतळा नसतो. दर वसंतात आणि दर शरदात सगळे चालत जाऊन बिळं मोजतात, म्हणून आम्ही जिवंत आहोत. तुम्ही नवे बांध मागता. ठीक! पण बिळं कोण मोजणार? बिळं मोजणाऱ्याला या देशात पगार नाही, हा तुमचा नियम नाही, ही तुमची विसरभोळी चूक आहे!

कदाचित जरा जोरात. एका सदस्याने बिस्किट खाली ठेवलं.

मग त्यांनी एन्नोला विचारलं, पत्रांना उत्तरं देण्यात किती वेळ जातो?

"रोज," तो म्हणाला.

"सुट्टीतही?"

"नाताळात जास्त. तेव्हा सगळे गातात."

निघताना त्याने लिंडेक्विस्टबाईंना एकच विचारलं: "करणारा माणूस मध्येच बदलला तर चालतं का?" त्या म्हणाल्या, संघातलाच असेल तर चालतं, फक्त कळवा. मला त्याचं कौतुक वाटलं. आजारपणाचाही विचार करून ठेवतो!

१३ जून

परतीच्या गाडीत तो खिडकीला डोकं टेकून झोपला. मी बघत होते. केस पांढरे कधी झाले?

२० जून

काही नाही. टपालपेटी रिकामी. जर्दाळूचा मुरांबा केला, करपला.

२८ जून, शनिवार

मंजूर! मंजूर! 'सांभाळण्याच्या कामासाठी, सहा महिने.' खाली लिंडेक्विस्टबाईंनी शाईने लिहिलंय: 'पुढच्या वेळच्या अर्जात या कामासाठी वेगळी जागा ठेवतो आहोत. बिळांबद्दल धन्यवाद.'

रडले. मग फ्रेरिकला फोन केला. तो फोनवरच गायला लागला. मग स्वान्त्येला. कासेलच्या मास्तरांना. पोर्तुगालच्या बाईंना मोडक्या इंग्रजीत. कुणाकुणाचे आभार मानू? ज्याने उघड्या दारातून एक पाऊल टाकलं त्या प्रत्येकाचे. उद्या चर्चनंतर पत्र हातात घेऊन एन्नोकडे.

२९ जून, रविवार

एन्नोने पत्र दोनदा वाचलं, नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिलं. "हे काम आणि हा पगार स्वान्त्येला द्यायचा. तिला विचारलंय मी, ती तयार आहे. मी शुक्रवारी पंपांच्या नोकरीवर सही केली."

म्हटलं, पैसे मिळाले ना आता! तो म्हणाला, "पैशांचं नव्हतं गं. चार वर्षं निघायचं होतं. सोपवून जायला कुणी नव्हतं, म्हणून राहिलो. तू ओल्डेनबुर्गला लोकांना बोलावलंस ना, तुझे किती उपकार झालेत माझ्यावर, तुला कल्पना नाही."

परवा रुजू होतो. रबरी बूट घ्यायला हवेत त्याला. माझ्याकडून.