गवत न दिसणारी जागा

पामर्स्टन नॉर्थ,
जूनअखेर

प्रिय धैर्यशील,

तू बाबांच्या अस्थी घेऊन नागपूरला गेलास तेव्हापासून इथे हिवाळ्यातला पाऊस आहे. डोंगर दिसत नाही, ते बरंच आहे. इराची शाळा सुरू आहे. ती तुझ्या फोनची वाट बघत नाही. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

परवा बचावपथकातली ती उंच बाई चहाला आली होती. बर्फ एवढा थोडा असताना असं कसं झालं, ते मी तिला विचारलं. म्हणाली, अशाच दिवशी लोक फसतात. आधीचा पातळ बर्फ गोठून काचेसारखा झालेला असतो. त्यावर नवा पडतो. वारा तो माथ्यावरून उचलून घळीत नेऊन दाबून बसवतो, पण खालचा थर त्याला धरत नाही. स्कीइंगचा हंगाम सुरू व्हायचा असतो, म्हणून उतार तपासायला कुणी नसतं. इशारा मात्र होता. तो मी तुला सकाळी वाचून दाखवला होता. तू म्हणालास, "अगं, गवत दिसतंय अजून. एवढ्याशा बर्फाला काय घाबरायचं? एकदम मस्त, स्वीट ॲज!" बाबा हसले. त्यांना तुझं इथलं इंग्रजी आवडायचं.

त्यांना गाडीपाशीच थांबायचं होतं. फोटो आईंसाठी हवा होता. गुडघ्यांमुळे त्या नागपूरलाच राहिल्या होत्या. पण फोटोत गवत येत होतं. तू हात हलवत राहिलास, "बाबा, अजून खाली. घळीत जा. तिथे सगळं पांढरं आहे." मी आणि इरा गाडीतून बघत होतो. तिथेच सगळं पांढरं का होतं, ते मला परवा कळलं. सरकलेला बर्फ आपल्या हॉलपेक्षा फार मोठा नव्हता. खाली दगड होते.

आईंना तू सांगितलंस, थंडी सोसली नाही, हृदय बंद पडलं. विमानतळावर मला म्हणालास, आत्ता नको, त्यांना झेपणार नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी व्हिडिओवर होते. तुझी आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "सून नर्स आहे म्हणे. सासऱ्याला धड स्वेटर घालता येईना." तू फोन बाबांच्या तसबिरीकडे वळवलास.

आई रागावत नाहीत. नुसतं म्हणतात, "कल्याणी, मफलर तरी गुंडाळायचास गं." काल त्यांनी इरापाशीही तेच काढलं. ती म्हणाली, "मम डिडन्ट डू एनीथिंग, आजी." फोन माझ्या हातात दिला, "डॅड सेड नॉट टू टेल," एवढं पुटपुटली आणि खोलीत गेली. तू तिलाही गप्प राहायला सांगितलं आहेस, हे मला तेव्हा कळलं.

तू स्वतः सांगशील म्हणून थांबले होते. इरा किती दिवस थांबेल, सांगता येत नाही, आणि तिच्यावर ते यायला नको. म्हणून हे पत्र. अक्षर मोठं काढलंय, आईंना बारीक दिसत नाही. पाकिटावर नावही त्यांचंच घातलंय. त्यांचं वाचून झालं की त्या तुझ्याकडे देतील.

अजून तरी तुझीच,
कल्याणी