‘मी’नंतरचा शब्द

३ मार्च, मंगळवार

सकाळी दारात गाडी. काळी, पडदे ओढलेली. समोरच्या काकू गॅलरीतून अर्ध्या बाहेर आल्या होत्या. हे म्हणाले, "आता तुला पण उचलतायत की काय?" चेहरा इतका पांढराफटक की मला हसूच फुटलं. हसून झालं आणि मग आठवलं. दादाला न्यायला अशीच गाडी आली होती.

पण मला मागच्या सीटवर बसवलं, दार उघडून धरलं. थेट अधिपतींच्या महालात.

‘अधिपती चिंतनात आहेत’ असं गेला महिनाभर रेडिओवर सांगतायत. चिंतन कसलं! झटका आलाय मेंदूचा. उजवी बाजू लुळी पडलीय आणि बोलणं गेलंय. अगदी सगळं नाही गेलं. एक शब्द उरलाय — "मी."

तेवढाच. तहान लागली, मी. पाठ दुखते, मी. पडदा लावा, मी. लोकांना गेलेलं बोलणं परत शिकवण्यात माझा जन्म गेला, असे पेशंट मी पुष्कळ पाहिलेत. एका दुकानदाराकडे नुसतं ‘बघू’ उरलं होतं, त्याची बायको म्हणायची, काही फरक पडलेला नाही हो. कुठला शब्द उरेल हे कुणाच्या हातात नसतं. पण यांच्याकडे नेमका हाच उरावा? ‘मी आहे म्हणून तुम्ही आहात’ — शाळा, दवाखाने, पोस्ट, एक भिंत सोडली नव्हती या माणसाने.

दादा म्हणायचा, देवाला विनोद कळतो. मला आज महालात तोंड दाबून धरावं लागलं.

५ मार्च, गुरुवार

नियम सांगितले. त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायचं नाही. डोळ्याला डोळा द्यायचा नाही. आणि ‘चुकलं’ म्हणायचं नाही.

"मग शिकवू कशी?"

"न शिकवता शिकवा," सचिव म्हणाले. मी यांचं नाव होयबा ठेवलंय. मान सतत हलत असते, झोपेतही हलत असेल. माझा सगळा धंदा ‘चुकलं, परत म्हणा’ या तीन शब्दांवर उभा आहे हे त्यांना काय सांगायचं?

आजची गंमत लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही. म्हातारा खुर्चीत चुळबुळ करत होता, दाराकडे बघून "मी, मी, मी" चाललेलं. होयबाने मान हलवली. "आलं लक्षात, आजच करतो." आणि गेले तरातरा. मला दिसत होतं, बिचाऱ्याला लघवीला लागली होती. मी नर्सला हाक मारली तोवर उशीर झाला होता, कपडे बदलावे लागले. संध्याकाळी रेडिओवर बातमी — पाणीपुरवठा मंत्र्यांना हटवलं.

हसत सुटले. हे म्हणाले, हळू, भिंतीला कान असतात. मग हसू विरलं. म्हणजे देश असा चाललाय. कदाचित आधीही असाच चालत असेल.

७ मार्च, शनिवार

वहिनी आली. चहा घेतला नाही, पर्सही मांडीवरच.

दादाला आत टाकून दोन हिवाळे झाले. काय केलं होतं त्याने? शिंपीकाम करायचा आणि शनिवारी सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत दहा-पंधरा जणांना घेऊन प्रार्थना करायचा. सरकारचा हुकूम असा की कुठलीही प्रार्थना ‘अधिपतींच्या कृपेने’ अशी सुरू करायची. दादा ते म्हणत नसे. वर म्हणाला, "देवा, राज्य देणारा तू, काढून घेणारा तू. त्या माणसाला सांभाळ, त्याचं डोकं ताळ्यावर ठेव." कुणीतरी जाऊन सांगितलं. कोर्टात सगळा वाद ‘माणूस’ या शब्दावर. न्यायाधीश विचारतात, माणूस कुणाला म्हणालास? दादा म्हणाला, मग काय म्हणायला हवं होतं? संपलं!

तर वहिनी म्हणाली, "वन्सं, तुम्हीच शिकवणार ना त्यांना बोलायला? मग एकच शब्द शिकवा. ‘सोडा’. बाकीचं तो सचिव करेल. तुम्हीच सांगता ना, तो नुसत्या ‘मी’वरून मंत्री काढतो. ‘सोडा’ म्हटल्यावर विचारेल, कोणाला? तुम्ही तिथेच असाल."

खरं सांगायचं तर हा विचार मला गाडीतच शिवून गेला होता.

१० मार्च, मंगळवार

केलं सुरू. ‘सोडा’.

तोंडासमोर आरसा धरला, ओठ गोल करून दाखवले. सो. सो. म्हातारा माझ्या तोंडाकडे असा बघत होता की जणू तिथून काहीतरी मिळणार आहे. नर्सने औषधाबरोबर पेला आणला तेव्हा त्याने पेल्याकडे बघून "मी" केलं. मी म्हटलं, ते नंतर. सो म्हणा. ओठ गोल.

जाताना ओठ गोल झाले. आवाज नाही, पण आकार आला.

घरी येऊन वहिनीला फोन केला. ती रडली. मला मात्र जेवण गेलं नाही. का, ते कळतंय, पण आज लिहीत नाही.

१४ मार्च, शनिवार

दादाची भेट. मध्ये दुहेरी जाळी, त्यामुळे तो तुकड्या-तुकड्यांत दिसतो. आणखी वाळलाय. खोकला लागला की जाळी धरून उभा राहतो. वहिनीने सगळं कुजबुजत सांगितलं — ‘सो’ आलंय, ‘डा’ राहिलाय, आठवडाभराचं काम.

दादाने माझ्याकडे बघितलं. "त्याला पाणी मागता येतं का?"

"नाही."

"मग आधी ते शिकव ना."

मला वाटलं त्याला कळलं नाही. परत सांगितलं. तर म्हणतो, "कळलं गं. पण ‘सोडा’ हा शब्द तुझा आहे, त्याचा नाही. तहान त्याची आहे. पेशंटला आधी काय शिकवतेस तू?"

"हा पेशंट वेगळा आहे!"

"वेगळा कसा? त्याला कुणी बसवलं खुर्चीवर? आणि कोण उठवणार? ते खातं तुझंही नाही, माझंही नाही. तुझ्या हातात तुझं काम आहे, ते नीट कर."

भडकले मी. म्हटलं, तुला मोठेपणा मिरवायचाय, इथे बायको तुझी झिजतेय, दुकानाला कुलूप आहे, तुझी छाती भाता झालीय आणि तू मला शहाणपण शिकवतोस? तो म्हणाला, "ओरड, ओरड. बरं वाटतं ऐकून." आणि हसला. पुढचा एक दात पडलाय त्याचा. मी विचारलं नाही कसा पडला.

बसमध्ये वहिनी खिडकीबाहेर बघत होती. उतरताना फक्त म्हणाली, "त्यांचं ऐकू नका."

१६ मार्च, सोमवार

महालात गेले नाही. डोकं दुखतंय असा निरोप दिला. ते खोटं नव्हतं.

१७ मार्च, मंगळवार

‘पाणी’ घेतलं.

पेला समोर धरला. "पा." त्याने ओठ गोल केले, ‘सो’चे. मी शिकवलेले. मला माझीच शरम वाटली. तोंडातून निघून गेलं — "चुकलं. परत."

दाराशी पहारेकरी ताठ झाला. होयबांची मान आयुष्यात पहिल्यांदा हलायची थांबली. म्हाताऱ्याने वर पाहिलं. किती वर्षांनी ऐकला असेल हा शब्द त्याने! आणि अर्ध्या तोंडाने हसला. खरंच हसला. मग ओठ मिटले, उघडले, मिटले. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले, नियम गेले खड्ड्यात. चुकलं, परत. चुकलं, परत. दुपारचं ऊन जमिनीवरून भिंतीवर चढलं.

"पा... णी."

मी पेला त्याच्या तोंडाला लावला. अर्धं अंगावर सांडलं. तो ढसाढसा रडत होता आणि पीत होता, आणि मला त्याची दया आली. यायला नको होती. ज्याने माझ्या भावाला आत टाकलं त्याची हनुवटी मी पदराने पुसली. घरी येऊन पदर धुतला आणि मग वाटलं, धुतला कशाला?

२० मार्च, शुक्रवार

वहिनीचा फोन. "आलं का?"

"आलं. पाणी आलं."

ठेवून दिला तिने.

२४ मार्च, मंगळवार

शनिवारी वर्धापनदिन. अधिपती सज्जात येऊन बोलणार असं जाहीर केलंय! मी होयबांना म्हटलं, अहो, वेड लागलंय का? ते म्हणाले, "एकच शब्द पुरे. माइकवर ‘मी’ म्हणाले की टाळ्या सुरू होतील, पुढे बँड." मी समजावलं की असा पेशंट गर्दीपुढे घाबरला की कुठला शब्द येईल सांगता येत नाही. त्यावर उत्तर, "अधिपतींच्या तोंडून चुकीचं येऊच शकत नाही."

अधिपतींचा पुतण्या बाजूला उभा होता. हा हल्ली रोज येतो. काकांच्या तब्येतीची फार काळजी.

२८ मार्च, शनिवार

चौकात उभी होते, लोकांत. सगळ्यांना यायची सक्तीच होती.

सज्जात आणलं. उभं केलं होतं, मागून दोघांनी धरून. अंगावर तो जड कोट, पदकं. ऊन थेट तोंडावर. माइक पुढे सरकवला. चौकात शांतता, पोरंसोरंही गप्प.

"पाणी."

लाऊडस्पीकरवरून शब्द अख्ख्या चौकावरून गेला आणि समोरच्या इमारतींवर आपटून परत आला. कुणालाच कळेना. माझ्या शेजारचा माणूस बायकोला विचारतो, पाणी म्हणजे? धरण बांधणार?

"पाणी. पाणी."

सज्जात डझनभर माणसं. मागे टेबलावर पेले, काचेचा जग, मला खालून दिसत होता. एकही हलला नाही. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतोय — हुकूम आहे का, कोणासाठी आहे, अर्थ काय घ्यायचा. इतक्या वर्षांत त्या माणसाने सरळ काही मागितलंच नव्हतं, त्यामुळे सरळ ऐकायची कुणाला सवयच नाही. मी खालून ओरडले, "अहो, तहान लागलीय त्यांना!" कोण ऐकतंय? मग कुठूनतरी एक जण हसला. मग बरेच हसले. बँड सुरू केला घाईने.

पुतण्याने पुढे होऊन काकांना आत नेलं. दंडाला धरून. मी ती पकड पाहिली.

२९ मार्च, रविवार

रेडिओवर पुतण्या बोलला. सुरुवात ‘मी’ने.

२ एप्रिल, गुरुवार

भिंतींवरचे फोटो बदलतायत. पोस्टात आज घाई इतकी की खालच्या फोटोची मिशी वरच्याच्या मानेखालून डोकावत होती. तिकिटं देणारी बाई मला डोळ्यांनी दाखवत होती, तोंड गंभीर. हातात सगळं असलेला माणूस, एका दुपारच्या तहानेने गेला. उद्या हाही जाईल. त्याला ते माहीत नाही, एवढाच फरक.

म्हाताऱ्याचं काय केलं, कुणी सांगत नाही. महालाचं काम बंद, होयबा दिसत नाहीत.

वहिनी आली होती. शांतपणे म्हणाली, "त्या दिवशी ‘सोडा’ म्हणाला असता, तर हे आज घरी असते." बरोबर आहे तिचं. ती गेल्यावर देवाशी भांडले. म्हटलं, गर्विष्ठांना खाली ओढतोस ते ठीक, पण सरळ माणसांचं काय? मी काम नीट केलं, त्याचा हिशोब असा चुकता करतोस? मग भांडी घासली.

११ एप्रिल, शनिवार

भेटी बंद केल्यात. वहिनीने नेलेला डबा दारातूनच परत.

२१ एप्रिल, मंगळवार

नवीन अधिपतींनी माफी जाहीर केली! जुन्या राजवटीत आत गेलेले सगळे रविवारी सुटणार. अर्थात ‘माझ्या मोठ्या मनाने’. असू दे, तुझं मन मोठं, तुझं सगळंच मोठं, आमचा माणूस दे. वहिनीला लगेच फोन केला. ती म्हणाली, वन्सं, घर झाडायला येता का?

२५ एप्रिल, शनिवार

दुकान उघडून हवा खेळवली. वहिनीने मशीनला तेल घातलं. दादासाठी नवा सदरा शिवलाय, तो इतका वाळलाय हे माहीत असूनही तिने जुन्याच मापाचा शिवला. "भरेल अंग," म्हणाली. आज दोन वर्षांची साठलेली बडबड केली आम्ही दोघींनी. तिने मला माफ केलंय की विसरलीय, विचारलं नाही. सुखाने झोप येईल आज.

२६ एप्रिल, रविवार

सगळे सुटले. दादा बाहेर आला नाही.

फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, कागद झालाय त्याचा, तोच निघत नाही. महिन्यापूर्वी त्याच्या कोठडीत एक म्हातारा आणून टाकलाय, अर्धं अंग लुळं. माफीत त्याचं नाव नाही. कुणी भरवलं नाही तर खात नाही. तुमचा भाऊ म्हणतो, याला सोडा, नाहीतर मीही इथेच बरा.

वहिनी खाली कट्ट्यावर बसली. मला वाटलं आता कोसळते. मी देवाला, दादाला, म्हाताऱ्याला, सगळ्यांना मनात शिव्या दिल्या. ती उठली, सदऱ्याची पिशवी पहारेकऱ्याच्या हातात दिली, फाटकाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"वन्सं, म्हाताऱ्याला चावता येतं का काही?"