बुटाची जागा

१ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. रिटायर माणसाला शिस्त हवी. प्रोजेक्ट: मेघनाच्या डर्ट बाइकच्या इंजिन कव्हरला टिकाऊ रंग. मुदत: दसरा, २ ऑक्टोबर. दसऱ्याला गाडीला हार घालायला लेक येणारच. आठ वर्षांत एकदाही चुकली नाही. गेल्या वर्षी आली नाही, पण तेव्हा तिला काम होतं.
भारतीनं विचारलं, बोलावलंय का तिला? स्वतःच्या घरी यायला बोलावणं कसलं!

४ सप्टेंबर
उजव्या बाजूच्या क्लच कव्हरवर तळहाताएवढा रंग गेलाय, आतला धातू दिसतो. बूट घासून घासून. माणसासारखी चालव म्हणून किती सांगितलं होतं.
कोठीच्या बाजारातून रंगाच्या स्प्रेचा डबा आणला. तीनशे डिग्रीपर्यंत टिकतो असं वर छापलंय. दुकानदार म्हणाला, आधी तेल काढा, घासा, मग प्रायमर मारा. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. मला प्रायमर शिकवतो! कव्हर न उतरवताच सरळ रंग मारला. सुंदर.
मेघनाला फोटो पाठवला. पाहिल्याच्या निळ्या टिक्स आल्या. मीटिंगमध्ये असेल.

७ सप्टेंबर
इंजिन चालू केलं. रंगाला पापडासारखे फोड. डब्यातच दोष.

१२ सप्टेंबर
कव्हर उतरवलं. आधी ऑइल काढायचं असतं हे उतरवल्यावर कळलं. पार्किंग धुण्यात सकाळ गेली. मग घासणं, प्रायमर, रंगाचे तीन हात, आणि भारतीच्या ओव्हनमध्ये शंभर डिग्रीवर एक तास. कडक!

१३ सप्टेंबर
केकला रंगाचा वास. भारती चिडली नाही, हे जास्त वाईट. म्हणाली, ओव्हन मेघनाच्या पहिल्या पगारातला आहे. मला माहीत होतं. म्हणजे, आता आठवलं.
मग म्हणाली, गाडी रंगवण्यापेक्षा एक फोन करा. मी का करू? मी एवढंच म्हणालो होतो की त्या बुद्धभूषणशी लग्न करायचं असेल तर या घराची पायरी चढू नकोस. रागात माणूस बोलतो. तिनं एवढं मनाला लावून घ्यायला नको होतं. मी जात मानत नाही. नातेवाईक मानतात. मी फक्त नातेवाइकांना मानतो.

१९ सप्टेंबर
पेट्रोल भरताना चार थेंब सांडले. ओव्हनमध्ये भाजलेला रंगही निघाला. ही कंपनीच बोगस.

२० सप्टेंबर
भाजी निवडताना भारती म्हणाली, बुटापुढे स्प्रे टिकत नाही, पावडर कोटिंग करा. आणि हे कव्हर मॅग्नेशियमचं असतं, आधी तापवून मुरलेलं तेल बाहेर काढायला सांगा. जिला पाना आणि पक्कड यातला फरक कळत नाही, तिला हे कोण सांगतं? विचारलं नाही. पावडर कोटिंगचं तसं माझ्याही मनात होतंच.

२२ सप्टेंबर
बालानगरला पावडर कोटिंगवाल्या यादगिरीच्या शेडवर गेलो. त्यानं कव्हर हातात फिरवलं, घासलेल्या जागेवर अंगठा ठेवला. म्हणाला, साब, ये जगा ऐसाच रखना क्या? चलानेवाले लोगां कई बार रखते. मी म्हणालो, नक्को, सगळं साफ करा. नव्यासारखं दिसलं पाहिजे.

२८ सप्टेंबर, रविवार
कव्हर आलं! काळं, गुळगुळीत. हातातून पाना पडला तरी ओरखडा नाही. यादगिरी म्हणतो, पाच साल कुछ नै होता. नवं गॅस्केट टाकून बसवलं. फोटो पाठवला.
उत्तर आलं! एका वर्षानंतर. ‘माझ्या बुटाची खूण कुठे गेली?’
प्रश्न विचारला, म्हणजे बोलणं सुरू झालं. भारतीला दाखवलं. ती आत निघून गेली. आनंदानं असेल.

२ ऑक्टोबर, दसरा. सकाळी ९
गाडी धुतली. झेंडूचा हार तयार, चाकांखाली लिंबं. हार तिनंच घालायचा.

११
भारती नवी साडी नेसून निघाली. कुकटपल्लीला, मेघनाकडे. म्हणे दर महिन्याला जाते. म्हणे पावडर कोटिंगचं बुद्धभूषणनं सांगितलं होतं. म्हणाली, चला ना हो. मी म्हणालो, तेवढ्यात मेघना इकडे आली तर? कुणीतरी घरी हवं.
भारती एकटीच गेली.

संध्याकाळी ६
भारती आली. डब्यात श्रीखंड. म्हणाली, मेघनानं चार पानं मांडली होती. लिफ्टचा आवाज आला की दाराकडे बघायची. तीनपर्यंत कुणीच जेवलं नाही.
हार मीच घातला. तिची फार आठवण येते. हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

३ ऑक्टोबर
रविवारी कुकटपल्लीला जाणार. नक्की.

५ ऑक्टोबर, रविवार
गुडघा दुखतोय. पुढच्या रविवारी.

१४ डिसेंबर, रविवार
सकाळी भारती कुकटपल्लीला गेली. मी पार्किंगमध्ये गाडी पुसली. कव्हर होतं तसंच आहे. रंग गेला नाही, फोड नाही, ओरखडा नाही.
मेघनाचे जुने बूट माळ्यावर सापडले. उजवा हातात घातला आणि त्या जागी घासला. अर्धा तास. मग पायात घालून पाहिला, पाय अर्धाच गेला. तसाच गाडीवर बसून आणखी घासला.
काहीच झालं नाही. कोटिंग खरंच चांगलं आहे.